डॉन डन्स्टन : दक्षिण ऑस्ट्रेलियाचे कायदे मुळापासून बदलणारे प्रीमियर

टोरेन्सकाठ (धागाकर्ती)

मंडळी, ऑस्ट्रेलियाच्या राजकारणावर आपल्याकडे बोलणं निघतं ते बहुतेक कॅनबेराबद्दल. पंतप्रधान कोण झाले, व्हिसाचे नियम कुठे बदलले. पण इथे राहणाऱ्या माणसाचा रोजचा संबंध येतो तो राज्य सरकारशी. शाळा, दवाखाने, पोलीस, जमीनजुमला, फौजदारी कायदा, सगळं राज्याकडे. राज्याच्या प्रमुखाला प्रीमियर म्हणतात, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्रीच. मी ॲडलेडला राहते. इथल्या ज्या प्रीमियरबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं, ते डॉन डन्स्टन. मजूर पक्षाचे. १९६७-६८ मध्ये वर्षभराच्या आतबाहेर आणि मग १९७० ते १९७९ सलग, असे दोनदा ते या पदावर होते.

त्यांचं नाव काढलं की इथल्या जुन्या लोकांना आधी आठवते ती गुलाबी हाफपँट. २२ नोव्हेंबर १९७२ ला ते गुलाबी शॉर्ट्स, अंगाबरोबर बसलेला पांढरा टीशर्ट आणि गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे अशा वेशात विधानसभेत गेले. तो फोटो अजून फिरतो. मला मात्र मनापासून वाटतं की त्या एका फोटोने या माणसावर अन्याय केला आहे. डन्स्टन यांचं खरं काम मतदारसंघांच्या नकाशात आणि कायद्याच्या कलमांत आहे. आधी मताला किंमत आली, म्हणून पुढचं सगळं होऊ शकलं. हा क्रम लक्षात घेतला नाही तर त्यांची कारकीर्द नुसती रंगीबेरंगी वाटत राहते.

थोडं मागे जाते. जन्म २१ सप्टेंबर १९२६, फिजीतल्या सुवा इथे. आईवडील ॲडलेडचे, वडील तिथे नोकरीला. फिजीत गोरे, मूळ फिजियन आणि उसाच्या मळ्यांवर गिरमिट करून आणलेल्या भारतीयांची पुढची पिढी, अशा तिघांच्या तीन वेगळ्या दुनिया होत्या. वंशभेदाबद्दलची चीड आपल्यात तिथेच रुजली, असं ते पुढे सांगत. शिक्षण ॲडलेडला, सेंट पीटर्स या श्रीमंतांच्या शाळेत, मग विद्यापीठात कायदा. म्हणजे बोलणं-चालणं सगळं उच्चभ्रू, आणि पक्ष निवडला तो कामगारांचा. १९५३ मध्ये नॉरवुडमधून निवडून आले. तेव्हा नॉरवुडमध्ये इटालियन स्थलांतरितांची वस्ती वाढत होती. त्यांची दारं ठोठावणारा, त्यांना मतदार म्हणून मोजणारा उमेदवार लोकांना नवा होता.

आता मुख्य गोष्ट. त्या काळी राज्यात लिबरल पक्षाच्या टॉमस प्लेफर्ड यांची सत्ता होती. १९३८ ते १९६५, सव्वीस वर्षांहून जास्त. एवढा काळ टिकण्यामागे त्यांची कर्तबगारी होतीच, पण मतदारसंघांची रचनाही होती. १९३६ च्या कायद्याने विधानसभेच्या ३९ जागांपैकी २६ ग्रामीण भागाला आणि १३ ॲडलेड शहराला दिल्या होत्या. साठच्या दशकात राज्यातली जवळजवळ दोन तृतीयांश वस्ती शहरात आली, तरी जागा तेवढ्याच. खेड्यातल्या एका मताला शहरातल्या कित्येक मतांचं वजन. लोक याला प्लेफर्ड यांच्या नावावरून 'प्लेमँडर' म्हणत. १९६२ मध्ये मजूर पक्षाला बहुसंख्य मतदारांचा कौल होता, १९ जागाही होत्या, लिबरलांकडे १८. तरी दोन अपक्षांच्या आधाराने प्लेफर्डच राहिले.

वरच्या सभागृहाचं तर विचारूच नका. तिथे मत द्यायला मालमत्तेची अट होती. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला, घरच्या तरुण मुलांना, बहुतेक बायकांना मतच नाही. वर्षानुवर्षं २० पैकी १६ जागा लिबरलांच्या. खालच्या सभागृहाने काहीही करावं आणि वरच्यांनी ते अडवावं, असा खाक्या.

१९६५ मध्ये फ्रँक वॉल्श यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्ष अखेर सत्तेत आला, डन्स्टन ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे कायदामंत्री झाले. १९६७ मध्ये वॉल्श निवृत्त झाले आणि डन्स्टन चाळिसाव्या वर्षी प्रीमियर. लगेच १९६८ ची निवडणूक. मजूर पक्षाला निम्म्याहून जास्त मतं मिळाली, पण जागा १९–१९. उरलेले एकमेव अपक्ष टॉम स्टॉट यांनी लिबरलांचे स्टील हॉल यांना पाठिंबा दिला आणि डन्स्टन यांची सत्ता गेली.

मतांनी जिंकून जागांनी हरलेला माणूस पुढे काय करतो, यात मला त्यांचा खरा पिंड दिसतो. त्यांनी राजीनामा देण्याची घाई केली नाही. विधानसभा भरेपर्यंत पदावर राहिले आणि मधल्या आठवड्यांत सभा, मोर्चे, भाषणं यांतून एकच मुद्दा घराघरात नेला: ही रचना अन्यायाची आहे. दोन वर्षांनी, १९७० मध्ये, ते नव्या रचनेत ४७ पैकी २७ जागा घेऊन परत आले.

तुम्हाला त्यांच्याबद्दल काय माहीत आहे, काय पटतं, काय पटत नाही, ते लिहा. विरोधातलंही आवर्जून लिहा.

---

गोदाकाठ

धागा फार आवडला. वाचनखूण साठवली.

एक शंका. १९६८ ते ७० सत्तेत लिबरल होते, तर मग नवी रचना केली कोणी? ज्या फांदीवर बसलो तीच तोडायला कोण तयार होतं?

---

टोरेन्सकाठ

गोदाकाठ, नेमकं विचारलंत. ते काम स्टील हॉल यांनी केलं आणि त्याचं श्रेय त्यांना मोकळ्या मनाने द्यायलाच हवं.

हॉल तेव्हा चाळिशीच्या आतले, शेतकरी घरातले. कमी मतं मिळवून आपण खुर्चीवर बसलो आहोत, हे त्यांना स्वतःलाच खटकत होतं. डन्स्टन यांनी तापवलेलं वातावरण होतंच. हॉल यांनी ३९ च्या ४७ जागा केल्या आणि त्यांतल्या २८ ॲडलेडला दिल्या. पुढची निवडणूक आपण हरणार, हे कळत असूनही. ग्रामीण भागाला थोडं झुकतं माप तरीही राहिलं, ते डन्स्टन सरकारने १९७५ मध्ये स्वतंत्र सीमा आयोग आणि जवळपास समान मतदारसंख्येची अट आणून काढलं.

हॉल यांचं सरकार पडलं तेही पाण्याच्या प्रश्नावर. मरे नदीवर चोविला इथे धरण बांधायचं की त्याऐवजी व्हिक्टोरियात डार्टमाउथला, असा वाद होता. हॉल डार्टमाउथच्या बाजूने गेले. टॉम स्टॉट यांचा मतदारसंघ मरेकाठचा, त्यांनी विरोधात मत दिलं आणि सरकार कोसळलं. ज्या एका मतावर सरकार उभं राहिलं, त्याच मताने पाडलं.

वरच्या सभागृहाचा प्रश्न १९७३ मध्ये सुटला. मालमत्तेची अट गेली, सगळ्या प्रौढांना मत, आणि संपूर्ण राज्य हाच एक मतदारसंघ धरून मतांच्या प्रमाणात जागा. १९७५ पासून निवडणुका तशा होऊ लागल्या.

---

नाशिकचा वकील

उत्तम धागा. कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण डन्स्टन हाडाचे वकील होते हे विसरून चालणार नाही.

त्यांचं नाव राज्यभर झालं ते मॅक्स स्टुअर्ट खटल्यात. डिसेंबर १९५८ मध्ये सेडुना या समुद्रकाठच्या गावाजवळ नऊ वर्षांच्या मुलीचा खून झाला. फिरत्या जत्रेत काम करणारा स्टुअर्ट नावाचा अरेंटे आदिवासी तरुण पकडला गेला आणि त्याला फाशीची शिक्षा सुनावली गेली. मुख्य आधार काय, तर पोलिसांनी टंकलिखित केलेला कबुलीजबाब. वाक्यं पक्क्या, सफाईदार इंग्रजीतली. आणि स्टुअर्टला वाचता येत नव्हतं, त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं. अरेंटे भाषा लहानपणापासून जाणणारे अभ्यासक टेड स्ट्रेलो यांनी त्याला भेटून सांगितलं की ही वाक्यरचना या माणसाची असू शकत नाही. तुरुंगात जाणारे फादर टॉम डिक्सन यांनाही तीच शंका आली होती. ॲडलेडच्या 'द न्यूज' या वर्तमानपत्राने प्रकरण लावून धरलं. मालक होते तरुण रुपर्ट मर्डॉक.

विधानसभेत हा विषय धसाला लावणाऱ्यांत डन्स्टन पुढे होते. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १९५९ मध्येच फाशीची जन्मठेप झाली. आयोगाने शिक्षा बरोबर ठरवली होती, ही नोंदही प्रामाणिकपणे करायला हवी. स्टुअर्ट १९७३ मध्ये पॅरोलवर सुटला आणि पुढे मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या लँड कौन्सिलचा अध्यक्ष झाला. दोरापर्यंत गेलेला माणूस. राज्यात फाशीची शिक्षाच रद्द झाली ती १९७६ मध्ये, डन्स्टन प्रीमियर असताना.

ॲटर्नी जनरल म्हणून १९६५ ते ६८ मधलं त्यांचं काम तर माझ्या मते प्रीमियर म्हणून केलेल्या कामाइतकंच मोठं आहे. रोमा मिचेल यांची १९६५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक, ऑस्ट्रेलियात त्या दर्जाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. १९६६ मध्ये वर्णावरून भेदभाव करण्याला बंदी घालणारा कायदा, देशातला पहिला. हॉटेलवाल्याने 'तुला आत घेत नाही' म्हटलं तर तो गुन्हा. त्याच वर्षी आदिवासींच्या जमिनींसाठी ट्रस्टचा कायदा, तोही देशात पहिला. वरचं सभागृह विरोधकांच्या मुठीत असताना हे मंजूर करून घेणं सोपं नव्हतं. मसुदा असा लिहायचा की विरोधकाला नाही म्हणायला कारण सापडू नये. हे कसब वकिलाचं.

---

निळावंती

वकीलसाहेब, समलैंगिकतेच्या कायद्याचं राहिलं. तो भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

१० मे १९७२ च्या रात्री ॲडलेड विद्यापीठातले कायद्याचे व्याख्याते जॉर्ज डंकन टोरेन्स नदीत बुडून मेले. नदीकाठची ती जागा समलैंगिक पुरुषांच्या भेटण्याची होती. त्यांना पाण्यात फेकलं गेलं होतं, आणि संशय गेला पोलिसांवर. स्कॉटलंड यार्डचे अधिकारी बोलावले गेले. बऱ्याच वर्षांनी, १९८८ मध्ये, दोन माजी पोलिसांवर खटला चालला, ते निर्दोष सुटले. डंकन यांच्या मृत्यूची शिक्षा आजवर कुणालाही झालेली नाही.

पण शहर हादरलं. १९७२ मध्येच समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळण्याचं विधेयक मांडलं ते कुणी, तर विरोधी लिबरल पक्षाच्या मरे हिल यांनी. त्याची बरीच काटछाट झाली. मग १९७५ मध्ये डन्स्टन यांच्या पक्षाचे पीटर डंकन (आडनाव सारखं, नातं नाही) यांनी पूर्ण सुधारणा आणली आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया हे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या यादीतून पूर्णपणे काढणारं देशातलं पहिलं राज्य झालं. डन्स्टन यांच्या स्वतःच्या खाजगी आयुष्याबद्दल कुजबुज तेव्हाही होती. म्हणजे या विषयाला हात लावण्यात त्यांचं सर्वांत जास्त नुकसान होऊ शकलं असतं. तरी सरकार मागे हटलं नाही.

१९७६ मध्ये विवाहांतर्गत बलात्कारही गुन्हा ठरवला. त्याला अटी होत्या, अर्धवट होता, पण इंग्रजी कायद्याच्या परंपरेत ते फार लवकर उचललेलं पाऊल. आपला आणि त्यांचा फौजदारी कायदा एकाच इंग्रजी मुळातून आलेला. आपल्याकडे ३७७ कलमाचा तो भाग सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केला, आणि नवऱ्याला मिळालेली सूट भारतीय न्याय संहितेतही तशीच ठेवली आहे. तारखा शेजारी ठेवून बघा.

---

हिशेबनीस

सगळे कौतुक करताहेत, मी दुसरी बाजू मांडतो. धागाकर्तीने विरोधातलं मागितलंच आहे.

प्लेफर्ड यांना इथे नुसतं मतदारसंघांच्या घोळापुरतं उरकलं. पण गहू आणि मेंढ्यांवर जगणाऱ्या राज्याला त्यांनी कारखाने दिले. ली क्रीकचा कोळसा खणला, वीज कंपनी १९४६ मध्ये सरकारी केली, आणि तेही उजव्या पक्षाचे असून. हाउसिंग ट्रस्टने कामगारांसाठी स्वस्त घरं बांधली. एलिझाबेथ हे अख्खं गाव १९५५ मध्ये वसवलं, तिथे होल्डनचा मोटारींचा कारखाना आला. डन्स्टन यांच्या काळात नाट्यगृह झालं, चित्रपट महामंडळ झालं, रस्त्यावर खुर्च्या मांडून जेवायची सोय झाली. हे सगळं छानच. पण सत्तरच्या दशकात मोटारी आणि घरगुती उपकरणांचा धंदा ढेपाळायला लागला तेव्हा पुढचं काय, याचं उत्तर त्यांच्याकडे होतं असं मला दिसत नाही.

आणि मोनार्टो? ॲडलेडवरचा भार कमी करायला टेकड्यांपलीकडे, मरे ब्रिजच्या अलीकडे, नवं शहर वसवणार होते. जमिनी घेतल्या, झाडं लावली, आराखडे झाले. लोकसंख्या वाढेल हा अंदाजच चुकला, केंद्राचा पैसा आटला, शहर झालंच नाही. आज तिथे मोकळ्यावर प्राणी ठेवलेली सफारी आहे. शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या त्याचं काय?

---

टोरेन्सकाठ

हिशेबनीस, प्लेफर्ड यांच्याबद्दल पूर्ण सहमत. त्यांनी बांधलेल्या राज्यावरच डन्स्टन उभे होते. मोनार्टोबद्दलही तुमचंच खरं. त्याला काही समर्थन नाही.

पण कला आणि खाणंपिणं यांना 'छानच' म्हणून बाजूला सारू नका. १९६७ पर्यंत इथले दारूचे गुत्ते संध्याकाळी सहाला बंद होत. पाचला सुटलेले कामगार तासाभरात जेवढी पोटात जाईल तेवढी ढोसून घरी जात. सहाचा नियम टिकवून असलेलं हे शेवटचं राज्य. तो नियम डन्स्टन यांनी काढला, मग वाइन, जेवण, गप्पा अशी संध्याकाळ शक्य झाली. इटालियन, ग्रीक, चिनी लोकांच्या खाणावळी वाढल्या. त्यांना स्वतःला स्वयंपाकाचा नाद होता, पदावर असतानाच पाककृतींचं पुस्तक काढलं, आशियाई पदार्थांसकट. १९७६ मध्ये रंडल स्ट्रीटचा गजबजलेला भाग वाहनांना बंद करून रंडल मॉल केला. आज ॲडलेड जगात ओळखलं जातं ते महोत्सव आणि वाइनसाठी. होल्डनचा कारखाना २०१७ मध्ये बंद पडला. कुठली गुंतवणूक जास्त टिकली?

फेस्टिव्हल सेंटरबद्दल मात्र हॉल यांचं नाव पुन्हा घ्यायला हवं, सुरुवात त्यांच्या काळात झाली. डन्स्टन यांनी ते मोठं केलं आणि जून १९७३ मध्ये उघडलं, सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या काही महिने आधी.

---

जुनी पेठ

मी ऐंशीकडे झुकलेला माणूस, माझे थोरले बंधू सत्तरच्या दशकात मेलबर्नला गेले. म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो.

'श्वेत ऑस्ट्रेलिया' हे धोरण म्हणजे गोऱ्यांखेरीज कुणाला कायमचं येऊ द्यायचं नाही. त्यामागे मजूर पक्ष ठामपणे उभा होता, कारण स्वस्त आशियाई मजुराची कामगारांना भीती. पक्षाच्या जाहीर कार्यक्रमातच ते लिहिलेलं. पक्षाचे राष्ट्रीय नेते आर्थर कॅलवेल त्याचे कट्टर समर्थक. अशा पक्षात राहून, पक्षाच्याच परिषदांत वर्षानुवर्षं भांडून, १९६५ मध्ये ते कलम काढायला लावणाऱ्यांत डन्स्टन पुढे होते. त्यानंतर १९६६ मध्ये पंतप्रधान हॅरल्ड होल्ट यांनी नियम सैल केले आणि १९७३ मध्ये गॉफ व्हिटलम यांनी ते धोरण गाडलं. आपली मराठी मंडळी आज तिथे गणपती बसवतात, मराठी शाळा चालवतात, ती वाट अशी मोकळी झालेली आहे. परपक्षाशी भांडणं सोपं असतं. आपल्या माणसांना सुनावणं अवघड. बंधू हे नेहमी सांगत.

---

पर्थवासी

सॅल्सबरी प्रकरण कुणीच काढलं नाही, म्हणून काढतो. ते काढल्याशिवाय डन्स्टन यांचा धागा पुरा होणार नाही.

पोलिसांच्या स्पेशल ब्रँचने हजारो लोकांच्या फाइली ठेवल्या होत्या. कामगार नेते, शांततावादी, मजूर पक्षाचे आमदार, खुद्द सरकारातले लोक. ज्यांचा दहशतीशी काडीचा संबंध नाही असे. सरकारने विचारलं तेव्हा पोलीस आयुक्त हॅरल्ड सॅल्सबरी यांनी खरं चित्र सांगितलं नाही. न्यायमूर्ती मायकल व्हाइट यांच्या चौकशीत ते उघड झालं आणि जानेवारी १९७८ मध्ये डन्स्टन यांनी आयुक्तांना बडतर्फ केलं. सॅल्सबरी यांचं म्हणणं होतं की आपण राजसत्तेला आणि कायद्याला बांधील आहोत, निवडून आलेल्या सरकारला नाही. त्यांच्या बाजूने ॲडलेडमध्ये मोठ्या सभा झाल्या. रोमा मिचेल यांच्याच आयोगाने बडतर्फी योग्य ठरवली, तरी सरकारची घडी विस्कटली ती विस्कटलीच.

माझ्या मते निर्णय बरोबर होता. गुप्त फाइली ठेवणाऱ्या यंत्रणेने लोकांच्या प्रतिनिधींना खोटं सांगितलं तर शिक्षा व्हायलाच हवी, मग ते राज्य कुठलंही असो. पद्धत मात्र घाईची झाली. आधी सगळी कागदपत्रं लोकांपुढे ठेवून मग काढलं असतं तर एवढा भडका उडाला नसता.

---

गोदाकाठ

माहितीपूर्ण प्रतिसाद. अवांतर विचारते, माझा मुलगा नुकताच ॲडलेडला शिकायला गेला आहे. तो म्हणतो तिथे रिकाम्या बाटल्यांचे पैसे मिळतात. हेही यांचंच का?

---

टोरेन्सकाठ

अवांतर अजिबात नाही. हो, हे त्यांच्याच सरकारचं.

कायदा १९७५ चा, अंमल १९७७ पासून. शीतपेयाची किंवा बिअरची बाटली, कॅन, परत केलं की नगामागे पाच सेंट, २००८ पासून दहा सेंट. गावोगाव त्याचे डेपो आहेत. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये गाडी आत घ्यायची, काच वेगळी, ॲल्युमिनियमचे कॅन वेगळे, प्लास्टिक वेगळं करून डब्यांत टाकायचं. तिथला माणूस हाताने भराभर मोजतो, चिठ्ठी देतो, खिडकीवर रोख पैसे. आमच्या मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमानंतर मुलं पोती भरून नेतात आणि ते पैसे पुढच्या कार्यक्रमाच्या खर्चाला लावतात. रस्त्याच्या कडेला इथे कॅन पडलेला दिसत नाही, कारण तो कुणीतरी उचलतोच.

पेय कंपन्यांनी जोरदार विरोध केला होता. बाकीच्यांनी हे उचलायला किती वेळ लावला बघा: नॉर्दर्न टेरिटरी २०१२, न्यू साउथ वेल्स २०१७, व्हिक्टोरिया २०२३.

तुमच्या मुलाला सांगा, बाटलीवरचं दहा सेंटचं लेबल फाडू नकोस.

---

नाशिकचा वकील

बाटल्यांवरून आठवलं, त्यावर ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात (तिथे तेच सर्वोच्च न्यायालय) गाजलेला खटला झाला. डन्स्टन सत्तेवरून गेल्यानंतरच्या सरकारने पुन्हा न भरता येणाऱ्या बिअरच्या बाटलीवर १५ सेंट आणि पुन्हा भरता येणाऱ्या बाटलीवर ४ सेंट अशी अनामत ठरवली. बाहेरच्या राज्यातल्या बिअर कंपनीला ते जाचक झालं. १९९० मध्ये कोर्टाने ती तफावत रद्द केली, कारण राज्याराज्यांतला व्यापार मोकळा राहिला पाहिजे असं त्यांची राज्यघटना सांगते. मूळ योजना टिकली. संघराज्यात पर्यावरणाचे नियम करताना कुठे अडतं, हे शिकायला हा निकाल फार चांगला आहे.

---

निळावंती

शेवट कसा झाला, ते कुणी लिहील का? मला तुटक माहिती आहे.

---

टोरेन्सकाठ

लिहिते. १९७६ मध्ये त्यांनी मलेशियात जन्मलेल्या पत्रकार ॲडेल को यांच्याशी दुसरं लग्न केलं. १९७७ ची निवडणूक पुन्हा २७ जागा घेऊन जिंकली. आणि ऑक्टोबर १९७८ मध्ये ॲडेल फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेल्या. सॅल्सबरी प्रकरणाचा ताण अंगावर होताच. जानेवारी १९७९ मध्ये ते युरोपात गेले, युरेनियम काढणं सुरक्षित होऊ शकतं का ते बघायला. राज्यात रॉक्सबी डाउन्सला प्रचंड साठे सापडले होते, पक्षाची बंदी होती, खाणवाल्यांचा दबाव वाढत होता. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की खात्री पटलेली नाही, बंदी राहील. नंतर काही दिवसांतच ते विधानसभेत कोसळले.

१५ फेब्रुवारी १९७९ ला कॅल्व्हरी हॉस्पिटलमध्ये पत्रकार परिषद झाली. अंगावर ड्रेसिंग गाउन, शेजारी डॉक्टर, चेहरा ओढलेला. तिथेच राजीनामा जाहीर केला. एवढा वेशाबद्दल काटेकोर माणूस तसा लोकांसमोर बसलेला पाहून त्यांच्या विरोधकांनाही वाईट वाटलं असेल. त्यांच्या जागी डेस कॉर्कोरन आले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निवडणूक हरले.

पुढच्या सरकारबद्दल एक सांगायलाच हवं. पिट्जंट्जट्जारा आदिवासींना त्यांच्या जमिनीची मालकी देणारं विधेयक डन्स्टन यांनी १९७८ मध्ये मांडलं होतं, ते अर्धवट राहिलं. डेव्हिड टॉनकिन यांच्या लिबरल सरकारने वाटाघाटी करून १९८१ मध्ये तो कायदा केला. राज्याच्या दहा टक्क्यांहून जास्त जमीन त्यात गेली. चांगलं काम विरोधकांनी पुढे नेण्याची ही या राज्यातली रीत मला फार मोलाची वाटते. हॉल, हिल, टॉनकिन, तिघेही लिबरल.

डन्स्टन पुढे व्हिक्टोरियात पर्यटन विभागाचे प्रमुख झाले, मग ॲडलेडला परतून नॉरवुडमध्ये 'डॉन्स टेबल' नावाचं उपाहारगृह काढलं. ६ फेब्रुवारी १९९९ ला गेले, त्यांनाही फुफ्फुसाचाच कर्करोग.

---

हिशेबनीस

सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. युरेनियमवर माझं मत वेगळं आहे, पण त्यावर स्वतंत्र धागा हवा. त्यांच्या मतदारसंघाचं पुढे काय झालं?

---

टोरेन्सकाठ

हिशेबनीस, युरेनियमचा धागा तुम्हीच काढा, मी नक्की लिहीन.

नॉरवुडचा मतदारसंघ २०१४ पासून 'डन्स्टन' या नावाने ओळखला जातो. गंमत म्हणजे त्या नावाने तो पहिल्यांदा जिंकला लिबरलांच्या स्टीव्हन मार्शल यांनी, आणि तेही २०१८ मध्ये प्रीमियर झाले. २०२४ च्या मार्चमध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत ती जागा मजूर पक्षाने अगदी थोडक्यात घेतली.